बंदरात येणारी जहाजं एवढी मोठी का होत चाललीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्हावा शेव्याला कंटेनर पाठवण्याच्या कागदपत्रांचं काम करताना फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे साधारण तीन प्रकारचे. द्राक्षं, डाळिंब, कांदा बाहेर पाठवणारे निर्यातदार, लॉजिस्टिक्स शिकणारी मुलं आणि ट्रेलरच्या रांगेत तासभर अडकलेली उरण-पनवेलची माणसं. तिसऱ्या गटाचे प्रश्न सगळ्यात नेमके असतात.

१. टीईयू म्हणजे नेमकं काय? जहाजाचा आकार सरळ टनात का सांगत नाहीत?

टीईयू म्हणजे एका वीस फुटी डब्याएवढी जागा. हा डबा २० फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच असतो. चाळीस फुटी डबा म्हणजे दोन टीईयू. त्यामुळे 'चार हजार टीईयूचं जहाज' ऐकून चार हजार डबे मोजू नका, कारण बहुतेक माल चाळीस फुटीतूनच जातो.

कंटेनरच्या धंद्यात जागा विकली जाते, म्हणून माप जागेचं. कोळसा, खनिज, तेल नेणाऱ्या जहाजांचं माप 'डेडवेट टन', म्हणजे माल, इंधन, पाणी, माणसं धरून जहाज किती वजन पेलतं ते. तिसरं माप 'ग्रॉस टन'. नावात टन असला तरी ते वजन नाही, जहाजाच्या आतल्या एकूण पोकळीवरून काढलेला आकडा आहे. बातम्यांत ही तिन्ही मापं सर्रास एकमेकांत मिसळतात.

एक गोम आणखी. जहाजाची जाहीर क्षमता म्हणजे डबे ठेवायच्या खणांची संख्या. प्रत्येक डबा चौदा टनांचा धरला तर तेवढे डबे बसत नाहीत, जहाज त्याआधीच पुरेसं बुडतं.

२. आज सगळ्यात मोठं कंटेनर जहाज केवढं आहे?

२०२३मध्ये पाण्यात उतरलेलं 'एमएससी इरिना' २४,३४६ टीईयूचं आहे. लांबी ३९९.९ मीटर, रुंदी ६१.३ मीटर. एवढे वीस फुटी डबे एकामागे एक लावले तर रांग जवळजवळ १४८ किलोमीटर होते, म्हणजे मुंबईहून निघून पुण्यापर्यंत. त्याच्या बरोबरीची जहाजं आता बरीच आहेत, त्यामुळे पाच-पन्नास टीईयूंच्या फरकावरून पहिला नंबर कोणाचा यात फार अर्थ नाही.

३. ही वाढ कधीपासून सुरू झाली?

२६ एप्रिल १९५६. माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याने एका जुन्या टँकरच्या डेकवर ५८ डबे चढवले आणि 'आयडियल एक्स' हे जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवलं. त्यानंतर तीस वर्षं जहाजं वाढली ती पनामा कालव्याच्या जुन्या दारांत मावतील एवढीच, म्हणजे ३२.३ मीटर रुंदीपर्यंत. १९८८मध्ये अमेरिकन प्रेसिडेंट लाइन्सने ती रुंदी मुद्दाम ओलांडली. पनामातून जायचंच नसेल तर त्याची मर्यादा कशाला पाळायची, हा हिशोब.

तिथून गाडी सुसाट सुटली. १९९६मध्ये 'रेजिना मर्स्क' सहा हजार टीईयूचं होतं. २००६मध्ये 'एमा मर्स्क' आलं. कंपनीने चौदा टनी डब्यांच्या हिशोबाने त्याची क्षमता ११,००० सांगितली होती, प्रत्यक्षात खण पंधरा हजारांच्या आसपास निघाले (प्रश्न १मधली गोम ती हीच). २०१३मध्ये १८,०००, २०१७मध्ये 'ओओसीएल हाँगकाँग' २१,४१३, आणि २०१९मध्ये 'एमएससी गुलसुन' तेवीस हजारांच्या पुढे.

आता मला सगळ्यात रंजक वाटतं ते सांगतो. 'एमा'ची लांबी ३९७ मीटर होती, 'इरिना'ची चारशेला दहा सेंटिमीटर कमी. सतरा वर्षांत डबे नऊ हजारांनी वाढले आणि लांबी जेमतेम तीन मीटर. जहाजं लांब झालीच नाहीत, अंगाने भरली आणि उंच झाली. रुंदी ५६वरून ६१ मीटरवर गेली, इंजिन आणि राहायची जागा वेगवेगळी करून मधल्या भागात डब्यांचे थर वाढवले गेले. बंदरांची खरी डोकेदुखी या रुंदीने आणि उंचीने वाढवली (प्रश्न ९).

४. मोठं जहाज स्वस्त कसं पडतं? इंधनही जास्त लागणारच ना?

लागतं, पण डब्यांच्या प्रमाणात नाही. जुन्या पनामा मापाचं जहाज सुमारे २९४ मीटर लांब, ३२ मीटर रुंद, त्यात साडेचार ते पाच हजार टीईयू बसायचे. नव्या पनामा मापाचं जहाज ३६६ मीटर लांब, ४९ मीटर रुंद, त्यात तेरा-चौदा हजार बसतात. लांबी सव्वापट, रुंदी दीडपट आणि माल जवळजवळ तिप्पट. पाण्याला घासणारं अंग तिप्पट होत नाही, त्यामुळे तेल तिप्पट जळत नाही. खलाशी दोन्हीकडे वीस-पंचवीसच. बांधणीचा खर्चही तिप्पट नसतो.

पण सगळं श्रेय आकाराला देऊ नका. आंतरराष्ट्रीय परिवहन मंचाच्या २०१५च्या अहवालाने दाखवलं होतं की पंधरा हजारांवरून एकोणीस हजार टीईयूवर जाताना जी बचत झाली, तिच्यातला निम्म्याहून जास्त वाटा सावकाश चालण्यासाठी बनवलेल्या नव्या इंजिनांचा होता. शिवाय जहाज भरलेलं असेल तरच हा हिशोब जमतो. अर्धं रिकामं जाणारं मोठं जहाज छोट्यापेक्षा महाग.

५. मग माझ्या द्राक्षाच्या कंटेनरचं भाडं कमी का होत नाही?

कारण भाडं जहाजाच्या खर्चावर ठरत नाही, त्या आठवड्यात जागा किती आणि माल किती यावर ठरतं. २०२१मध्ये जगातली तोवरची सगळ्यात मोठी जहाजं समुद्रात होती आणि भाडी आभाळाला भिडली होती. २०२३च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. युरोपच्या फेरीत दहा ते चौदा दिवस वाढले. तेवढीच जहाजं जास्त दिवस अडकली, जागा आपोआप कमी झाली, भाडं चढलं.

द्राक्षवाल्यांना तर भाड्यापेक्षा दिवस महत्त्वाचे. निफाडच्या पॅकहाउसमध्ये थंड केलेला माल रीफरमध्ये (थंड ठेवणाऱ्या डब्यात) बसला की घड्याळ सुरू होतं. मोठ्या जहाजाचा आणखी एक तोटा असा की एक फेरी रद्द झाली किंवा तुमचा डबा पुढच्या जहाजावर ढकलला गेला, तर पुढचा आठवडा गाठावा लागतो. पूर्वी दोन छोटी जहाजं असायची तेव्हा एक चुकलं तर दोन-तीन दिवसांत दुसरं मिळायचं. एका सीझनला आमचे चार डबे असेच मागे राहिले. शिपिंग लाइनचा मेल आला दोन ओळींचा, बागाईतदाराचा फोन चालला चाळीस मिनिटं.

६. ही सगळ्यात मोठी जहाजं आपल्याकडे येतात का?

येतात, पण नेमाने सगळीकडे नाही. २०२४च्या मे महिन्यात मुंद्र्याला 'एमएससी अ‍ॅना' हे जवळजवळ चारशे मीटरचं, १९,२०० टीईयूचं जहाज लागलं. २०२५च्या जूनमध्ये खुद्द 'इरिना' केरळातल्या विळिंजमला आलं. विळिंजमला किनाऱ्यालगतच अठरा-वीस मीटर नैसर्गिक खोली आहे आणि आंतरराष्ट्रीय जलमार्ग जवळून जातो.

बाकी भारतात थोरल्याचे कपडे धाकट्याला, असा प्रकार चालतो. नवं कोरं महाकाय जहाज चीन-युरोप मार्गावर लागतं. तिथलं आधीचं जहाज दुसऱ्या मार्गावर ढकललं जातं, तिथलं तिसऱ्यावर. त्यामुळे न्हावा शेव्यात दिसणारं जहाज वाढतं ते इथला माल एकदम वाढला म्हणून नव्हे, तर वरून ढकललं गेलं म्हणूनही. वाढ जगभर पसरते ती अशी. जिथे मोठं जहाज कोणी मागितलं नव्हतं, तिथेही धक्का आणि क्रेन त्याच्या मापाची करावी लागते.

माल वाढतोय हेही खरं. २०२४-२५मध्ये जवाहरलाल नेहरू बंदराने, म्हणजे न्हावा शेव्यानेच, सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. २६ मे १९८९ला हे बंदर सुरू झालं तेव्हा हा आकडा कोणी बोलला असता तर लोक हसले असते.

७. बंदराची खोली आणि जहाजाचा ड्राफ्ट यात फरक काय? जहाज किती बुडालंय हे बाहेरून कळतं का?

ड्राफ्ट किंवा डूब म्हणजे पाण्याच्या पातळीपासून जहाजाच्या तळापर्यंतचं अंतर. खोली त्याहून जास्त लागते, कारण तळ आणि चिखल यांच्यात पाणी शिल्लक हवं. लाटांवर जहाज खाली-वर होतं, वेगात चालताना थोडं खाली बसतं, वळताना एका अंगाला कलतं.

बाहेरून नक्की कळतं. घारापुरीच्या लाँचमधून जाताना नांगरलेलं जहाज जवळ आलं की नाळेकडे बघा. पांढरे आकडे एकाखाली एक रंगवलेले दिसतील. मीटरच्या मापात प्रत्येक आकडा दहा सेंटिमीटर उंच, दोन आकड्यांमध्ये दहा सेंटिमीटर मोकळी जागा, आणि आकड्याचा तळ म्हणजे ते माप. '१२'च्या तळाला पाणी टेकलं असेल तर डूब बारा मीटर, आकड्याच्या डोक्याला टेकलं असेल तर बारा मीटर दहा सेंटिमीटर. आकडे वाचता आले नाहीत तर रंग बघा. पाण्याच्या वर लाल पट्टा खूप दिसतोय, म्हणजे जहाज हलकं आहे.

८. एखाद्या जहाजाचा ड्राफ्ट कागदावर १६ मीटर, तरी ते १५ मीटरच्या बंदरात आलं. हे कसं?

कागदावरचा आकडा पूर्ण भरलेल्या जहाजाचा असतो. जहाज पूर्ण भरून क्वचितच येतं. आधीच्या बंदरात माल उतरवलेला असतो, काही डबे रिकामे असतात. म्हणून एखादं चारशे मीटरचं जहाज कुठे लागलं, याची बातमी वाचताना 'किती डूब घेऊन आलं' हे विचारावं. तेवढंच सांगायचं राहून जातं.

दुसरं उत्तर भरती. मुंबई बंदराच्या परिसरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. न्हावा शेव्याचा जलमार्ग आधी १४ आणि मग १५ मीटर डुबीची जहाजं भरतीच्या साथीने घेता यावीत, अशा दोन टप्प्यांत खोल केला गेला. यातले 'भरतीच्या साथीने' हे शब्द महत्त्वाचे. जड जहाजाला पाणी चढलेलं असतानाच आत-बाहेर करता येतं. ती वेळ हुकली तर पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढतं, तेव्हा आणखी जपून. जलमार्ग अरुंद, म्हणून पायलट (वाट दाखवणारा बंदराचा जाणकार) चढतो, टग (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी) लागतात, समोरून मोठं जहाज येत असेल तर एकाला थांबावं लागतं.

९. जहाज मोठं झालं तर बंदराला नेमकं काय काय बदलावं लागतं?

पहिली क्रेन. जुन्या पनामा मापाच्या जहाजावर आडवे तेरा डबे, आजच्या महाकाय जहाजावर चोवीस. क्रेनचा हात पलीकडच्या कडेच्या डब्यापर्यंत पोचायला हवा, आणि उंच थरांवरूनही जायला हवा. जुनी क्रेन थोडी लांब करून भागत नाही, बहुतेकदा नवीच घ्यावी लागते, आणि तिच्या वजनाला धक्का पेलतोय का तेही बघावं लागतं.

दुसरं गणित लोकांच्या लक्षात येत नाही. जहाज दीडपट लांब झालं तर दीडपट क्रेन लावता येतात. पण जहाज रुंद झालं तर क्रेन वाढत नाहीत, उलट प्रत्येक डब्यामागे ट्रॉलीला जास्त अंतर कापावं लागतं. त्यामुळे डबे तिप्पट आणि क्रेन जेमतेम दीडपट. जहाज धक्क्यावर जास्त वेळ अडकतं.

तिसरं, जमीन. एका फेरीत चार हजार टीईयू उतरले आणि सगळे चाळीस फुटी धरले, तर दोन हजार डबे. रेल्वेने जातील तेवढे सोडून बाकीच्या प्रत्येकाला एक ट्रेलर. हेच दोन हजार आठवडाभरात तीन छोट्या जहाजांतून आले असते तर रस्त्याला कळलंही नसतं. एकदम आले की यार्ड फुगतं, गेटवर रांग लागते, रांग हायवेवर येते. चढवायच्या मालाचंही तसंच. कट-ऑफच्या (माल बंदरात पोचवायच्या शेवटच्या मुदतीच्या) आदल्या रात्री सगळे ट्रेलर एकाच वेळी गेटवर. मग दोन दिवस तेच गेट सुनं. उरणच्या वाचकांनो, तुमच्या तासाभराच्या खोळंब्याचं मूळ पुष्कळदा हेच.

माझं मत विचाराल तर मोठ्या जहाजाची बचत शिपिंग कंपनीच्या खात्यात जमा होते. गाळ, क्रेन, यार्ड, रस्ता यांचं बिल मात्र बंदर, सरकार आणि रांगेत उभा असलेला ड्रायव्हर यांच्या नावे फाटतं.

१०. बंदरात येणाऱ्या जहाजांची संख्या घटली असं वाचलं. म्हणजे धंदा बसला का?

तेवढ्यावरून नाही सांगता येत. जहाजं मोठी झाली की कमी फेऱ्यांत तेवढाच किंवा जास्त माल येतो. एकूण टीईयू आणि एका फेरीत सरासरी किती डबे चढले-उतरले, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

११. गाळ एकदा काढला की झालं ना? दरवर्षी का काढतात?

खाडीत नद्या येऊन मिळतात आणि पावसाळ्यात माती आणतात. भरती-ओहोटी ती माती हलवत राहते. आपण खोदलेला जलमार्ग म्हणजे समुद्राच्या तळाला पाडलेली चर, आणि चर भरण्याकडेच निसर्गाचा कल. जितकी खोल चर, तितकी भरतेही जास्त. भाऊच्या धक्क्याहून मोऱ्याला जाणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ओहोटीला मोरा जेट्टीपाशी एवढा चिखल उघडा पडतो की लाँच काही तास बंद ठेवावी लागते.

विळिंजमसारख्या जागी हा खर्च जवळजवळ नाही. पन्नास वर्षांच्या हिशोबात हा फरक फार मोठा होतो.

१२. मुंबई बंदर एवढं जुनं, मग कंटेनरची मोठी जहाजं तिकडे का जात नाहीत?

१९१४ची अलेक्झांड्रा गोदी, आजची इंदिरा गोदी, दारं असलेली आहे. भरती-ओहोटीचा त्रास नको म्हणून आत पाणी कोंडून ठेवलेलं असतं, आणि जहाज एका लॉकमधून आत घेतात. तो लॉक सुमारे २२८ मीटर लांब, साडेतीस मीटर रुंद. १९१४ला हे माप ऐसपैस होतं. आज मधल्या आकाराचं कंटेनर जहाजही त्या दारातून जाणार नाही. शिवाय मागे मोकळी जमीन नाही आणि शहरातून ट्रेलर काढायला रस्ता नाही. १८८०ची प्रिन्सेस गोदी आणि १८८८ची व्हिक्टोरिया गोदी तर नंतर भरूनच टाकल्या. पलीकडे न्हावा शेवा उभं राहिलं ते या अडचणींतूनच.

१३. हा प्रकार फक्त कंटेनरचाच का? तेलाची आणि खनिजाची जहाजंही वाढतायत का?

तेलवाल्यांनी हा खेळ आधीच खेळून झालाय. १९६७ ते १९७५ सुएझ कालवा बंद होता, आफ्रिकेला वळसा घालायचा तर जहाज जेवढं मोठं तेवढं बरं, म्हणून टँकर फुगत गेले. १९७६चं 'बातिलस' साडेपाच लाख टनांचं होतं. तोवर १९७३चा तेलाचा भडका उडून गेला होता, सुएझ उघडला होता, आणि एवढं तेल एकदम मागणारं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. 'बातिलस' १९८५मध्ये भंगारात गेलं. जगातलं आजवरचं सगळ्यात लांब जहाज, ४५८ मीटरचं 'सीवाइज जायंट', नावं बदलत बदलत शेवटी गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर आलं आणि तिथे तोडलं गेलं. आज मोठा टँकर साधारण तीन लाख टनांचा असतो. बंदरात न शिरता वाडिनारसारख्या ठिकाणी खोल समुद्रातल्या बोयाला बांधून तेल उतरवतो.

खनिजात ब्राझील-चीन मार्गावर चार लाख टनांची जहाजं चालतात, पण ती मोजक्याच बंदरांत जाऊ शकतात.

आपल्याकडची दोन उदाहरणं बघण्यासारखी आहेत. गोव्यात खनिज मांडवी-झुवारीतून बार्जने यायचं, आणि मुरगावच्या धक्क्याला न मावणारी जहाजं बाहेर नांगरून ट्रान्सशिपरने (बार्जमधला माल मोठ्या जहाजात चढवणाऱ्या क्रेनवाल्या जहाजाने) भरली जायची. रत्नागिरीत जयगडला उलटं. तिथे खोल पाणी आहे, म्हणून कोळसा-खनिजाचं मोठं केपसाइज जहाज थेट धक्क्याला लागतं, आणि तिथून माल छोट्या जहाजांत भरून धरमतरच्या खाडीत डोलवीच्या पोलाद कारखान्यापर्यंत जातो. मोठ्या जहाजाला शेवटी छोटं लागतंच (प्रश्न १५).

१४. पनामॅक्स, सुएझमॅक्स ही काय भानगड आहे?

त्या त्या वाटेवरून जाऊ शकणारं कमाल माप. पनामाची नवी दारं २६ जून २०१६ला उघडली, त्यांचं मूळ माप प्रश्न ४मध्ये आलंय, नंतर थोडी सूट मिळाली. सुएझला दारं नाहीत, तिथे डुबीची मर्यादा २०.१ मीटर. मलाक्काच्या सामुद्रधुनीत प्रश्न उथळ पाण्याचा.

१५. मोठ्या जहाजांमुळे लहान जहाजं संपणार का?

नाही. जहाज जितकं मोठं, तितकी त्याची थांबण्याची ठिकाणं कमी, आणि तितकी फीडर जहाजांची, म्हणजे मोठ्या बंदरापासून छोट्या बंदरांपर्यंत माल ने-आण करणाऱ्या लहान जहाजांची, गरज जास्त. भारताचा जो माल दुसऱ्या बंदरात जहाज बदलून जातो, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश वर्षानुवर्षं कोलंबो, सिंगापूर, क्लांग अशा परदेशी बंदरांतूनच जात आला. विळिंजमचा सगळा डाव त्या मालावर आहे.

लहान जहाज म्हणजे कमी धोका असंही नाही. २५ मे २०२५ला कोचीजवळ बुडालेलं 'एमएससी एल्सा ३' हे १८४ मीटरचं जुनं जहाज विळिंजमहून कोचीला निघालं होतं. पंधरा दिवसांनी केरळच्या किनाऱ्याबाहेर पेटलेलं 'वान हाय ५०३' कोलंबोहून आपल्याच न्हावा शेव्याकडे येत होतं.

१६. सुएझमध्ये 'एव्हर गिव्हन' अडकलं तसं मुंबईत होऊ शकतं का?

वेगळ्या प्रकारे झालेलं आहे. ७ ऑगस्ट २०१०ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' यांची टक्कर झाली. 'चित्रा' कललं, डेकवरचे डबे पत्त्यांसारखे घसरून पाण्यात पडले, तेल पसरलं. काही डबे तरंगत होते, काही बुडून तळाशी. बुडालेला डबा दिसत नाही आणि जहाजाचा तळ फाडू शकतो, म्हणून जलमार्ग तपासून होईपर्यंत मुंबई आणि न्हावा शेवा ही दोन्ही बंदरं कित्येक दिवस ठप्प होती. दोन्हींना बाहेर पडायची मुख्य वाट एकच.

'एव्हर गिव्हन' २३ मार्च २०२१ला अडकलं ते चारशे मीटरचं जहाज कालव्यात आडवं झाल्यामुळे. उंच रचलेले डबे वाऱ्यात शिडासारखे वागतात. सहा दिवसांनी ते सुटलं. बाल्टिमोरमध्ये २६ मार्च २०२४ला वीज गेलेलं 'डाली' पुलाच्या खांबाला धडकलं आणि पूल कोसळला, पुलावर काम करणारे सहा जण गेले. 'डाली' दहा हजार टीईयूच्याही आतलं होतं, आजच्या मापाने मधलं.

१७. 'डाली'वरून आठवलं. अटल सेतूखालून ही जहाजं जातात का?

न्हावा शेव्याच्या कंटेनर जहाजांना जावं लागत नाही. ती दक्षिणेकडून, समुद्राच्या बाजूने येतात आणि सेतू त्यांच्या धक्क्यांच्या उत्तरेला आहे. पुलांची अडचण दुसरीकडे खरी आहे. न्यूयॉर्क बंदराच्या वाटेवरचा बेयोन पूल मोठी जहाजं खालून जावीत म्हणून १५१ फुटांवरून २१५ फूट उंच करावा लागला.

१८. वाढवण बंदर हवंच कशाला? न्हावा शेवाच आणखी खोल करता येणार नाही?

थोडं करता येईल, पण महाकाय जहाजाची भरलेली डूब सोळा-सतरा मीटर असते. ते भरतीची वाट न बघता आत घ्यायचं तर खाडीतली चर अजून खोल, रुंद करायची आणि कायम तशी राखायची (प्रश्न ११). डहाणूजवळ वाढवणला किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की वीस मीटर नैसर्गिक खोली मिळते, हा सरकारचा मुख्य मुद्दा. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ला ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. प्रत्येकी हजार मीटरची नऊ कंटेनर टर्मिनलं, त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव.

दुसरी बाजूही तेवढीच ठोस आहे. डहाणू तालुका पर्यावरण प्राधिकरणाने १९९८मध्ये इथे बंदर नको म्हटलं होतं, आणि २०२३च्या जुलैत अटींसह परवानगी दिली. समुद्रातला भराव म्हणजे मासेमारीचं क्षेत्र जाणं, आणि खोल पाणी आहे म्हणून तिथे कोणी राहत-जगत नाही असं नसतं.

१९. मोठ्या जहाजांचा कोळ्यांना काय त्रास? ती तर जलमार्गातूनच जातात.

जलमार्ग रुंद झाला की तेवढ्या पट्ट्यात जाळं टाकता येत नाही. गाळ उपसला की पाणी गढूळतं, भरावाने भरतीचं पाणी शिरायच्या वाटा बदलतात. न्हावा शेव्याच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये उरण-पनवेल भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाखांची भरपाई द्यायचा आदेश दिला होता, तो खारफुटी आणि खाड्यांच्या नुकसानीवरूनच. वाढवणचे नाखवा आज जे विचारतात, ते न्हावा शेवा बंदरासाठी हलवलेल्या हनुमान कोळीवाड्याकडे बघूनच विचारतात.

२०. यापुढे तीस हजार टीईयूची जहाजं येतील का?

बांधता येतील, अडचण तंत्राची नाही. पण २०१९पासून वाढ चोवीस हजारांच्या आसपास रेंगाळली आहे. चारशे मीटरच्या पुढे गेलं तर धक्के आणि जहाज वळवायची जागा पुन्हा करावी लागेल, रुंदी वाढवली तर क्रेन. मलाक्काचं उथळ पाणी आहेच. मर्स्कने तर मेथनॉलवर चालणारी मोठी जहाजं घेताना सोळा हजारांच्या आसपासचं माप निवडलं, 'आने मर्स्क' २०२४मध्ये आलं. यापुढचा पैसा आकारापेक्षा इंधनात जाईल असं मला वाटतं.

न्हावा शेव्यात मात्र जहाजं वाढतच राहतील, कारण वरच्या मार्गांवरून ढकललेली अजून खाली यायची आहेत (प्रश्न ६). तेव्हा निर्यातदारांनो, कट-ऑफच्या आदल्या रात्री ट्रेलर काढू नका, एक दिवस आधी काढा.